विश्लेषण : ९९ रुपयांचे वेब होस्टिंग खरेच ९९ रुपयांना पडते का?

वेबसाइटसाठी होस्टिंग घेताना बहुतेक जण पहिल्या वर्षाचा दर पाहतात. फसगत होते ती पुढे, नूतनीकरण, बॅकअप आणि डोमेनच्या मालकीत. पैसे भरण्यापूर्वी काय तपासायचे?

समजा, देवगडमधील एका आंबा बागायतदाराने दलालाला माल न देता थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पेट्या पाठवायचे ठरवले. भाच्याच्या ओळखीतल्या एका डिझायनरकडून वेबसाइट करून घेतली. मोबाइलवर ‘फक्त ९९ रुपये महिना’ अशी जाहिरात दिसली, तेच होस्टिंग घेतले. तीन हंगाम नीट गेले. चौथ्या वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात वेबसाइट उघडेना. नूतनीकरणाचा दर पाहिला तर चौपट. दुसरीकडे जायचे म्हटले तर डोमेन डिझायनरच्या खात्यात आणि डिझायनरचा फोन लागत नाही. बॅकअप कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. आंबा मात्र झाडावर थांबत नाही.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक अडचण नेहमीची आहे. होमस्टे चालवणारे, क्लासचालक, डॉक्टर, बचत गट, गावच्या पतसंस्था असे अनेक जण आज स्वतःची वेबसाइट काढतात. त्यातल्या बहुतेकांचा तंत्रज्ञानाशी रोजचा संबंध नसतो. म्हणूनच होस्टिंग निवडताना कोणते प्रश्न विचारायचे, हे आधीच माहीत असलेले बरे.

होस्टिंग म्हणजे नेमके काय विकत घेतले जाते?

वेबसाइट तीन गोष्टींची बनते. पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. तिसरी त्या जागेत ठेवलेले सामान, म्हणजे पाने, फोटो, ग्राहकांच्या ऑर्डरची नोंद असलेला डेटाबेस.

होस्टिंग कंपनी तुम्हाला डेटा सेंटरमधील चोवीस तास सुरू असलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, थोडी जागा भाड्याने देते. डोमेन हा त्या जागेचा पत्ता. हा पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा, याची नोंद डीएनएस नावाच्या यंत्रणेत असते. ही नोंद बदलली की तेच नाव दुसऱ्या सर्व्हरवर जाते. दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवले तरी पाटी तीच राहते, तसे.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे, नाव आणि जागा एकाच कंपनीकडून घेण्याची सक्ती नाही. विक्रेते दोन्ही एकत्र बांधून विकतात, कारण त्यामुळे ग्राहकाला सोडून जाणे अवघड होते. सामान तर सर्वस्वी तुमचेच असते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा कळले, की पुढची निवड बरीच सोपी होते.

मुळात पैसे मोजायची गरज आहे का?

प्रत्येकाला नाही. फक्त पत्ता, वेळ आणि फोन क्रमांक लोकांना सापडावा एवढीच गरज असेल, तर गुगलवरील व्यवसायाची नोंद आणि व्हॉट्सअॅपचा कॅटलॉग पुरेसा आहे. लेख लिहायचे असतील तर ब्लॉगर फुकट चालते.

पण फुकटच्या जागेवर तुमचा हक्क नसतो. गुगलने व्यवसायाच्या नोंदीसोबत साधी वेबसाइट मोफत बनवून देण्याची सोय ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. काही आठवडे त्या पत्त्यावर येणाऱ्यांना व्यवसायाच्या नोंदीकडे वळवले गेले आणि जूनमध्ये तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डवर, टेम्पोवर, पाटीवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली.

ऑर्डर घ्यायच्या असतील, ऑनलाइन पैसे स्वीकारायचे असतील किंवा तुमचे नाव वर्षानुवर्षे एकाच पत्त्यावर टिकायला हवे असेल, तर स्वतःचे डोमेन आणि पैसे देऊन घेतलेले होस्टिंग हाच योग्य मार्ग.

शेअर्ड, व्हीपीएस, मॅनेज्ड : यात फरक काय?

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट राहतात. पाणी, वीज, जिना सगळे सामायिक. स्वस्त पडते, देखभाल कंपनी करते, पण शेजाऱ्याने गर्दी केली तर तुमचीही गती मंदावू शकते.

व्हीपीएसमध्ये सर्व्हरचा ठरावीक हिस्सा तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. महिना चार ते सहा डॉलरपासून तो मिळतो. मात्र साध्या व्हीपीएसमध्ये रिकामा संगणक हाती येतो. सुरक्षेचे अपडेट, बॅकअप, बिघाड सगळे तुमच्याकडे. घरात कोणी जाणकार नसेल तर हा सौदा स्वस्त पडत नाही. क्लाउड होस्टिंग हा शब्द तर हल्ली इतक्या सैलपणे वापरला जातो, की त्यामागे शेअर्ड आहे की व्हीपीएस, हे विचारूनच घ्यावे.

मॅनेज्ड होस्टिंगमध्ये ही देखभाल कंपनी करते आणि त्याचे जास्त पैसे घेते. जगातील दर पाचपैकी दोनहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे ‘मॅनेज्ड वर्डप्रेस’ हा प्रकार सर्वाधिक दिसतो.

चौथा प्रकार तयार दुकानाचा. यात मासिक भाडे देऊन साच्यात बसवलेले ऑनलाइन दुकान मिळते. सुरुवात पटकन होते. पण सोडताना मालाची यादी आणि ग्राहकांची माहिती बाहेर काढता येते, दुकान जसेच्या तसे उचलून नेता येत नाही.

दिवसाला काही शे लोक येतात अशा साध्या वेबसाइटला चांगले शेअर्ड होस्टिंग पुरते. बहुतेक छोट्या व्यावसायिकांचा प्रश्न इथेच सुटतो.

९९ रुपयांचा हिशेब कसा मांडायचा?

जाहिरातीतला दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो आणि तोही दोन, तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकरकमी भरल्यावर मिळतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. नूतनीकरणाचा दर पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

एक नमुना हिशेब पाहू. पहिली ३६ महिने ९९ रुपये आणि त्यानंतर ३९९ रुपये असा दर धरू. पहिल्या तीन वर्षांचे ३,५६४ रुपये, जीएसटी धरून सुमारे ४,२०६. पुढच्या तीन वर्षांचे १४,३६४ रुपये, जीएसटी धरून सुमारे १६,९५०. सहा वर्षांचे एकूण २१,१५५ रुपये. महिन्याला सरासरी २९४ रुपये पडले, त्यातले ४५ रुपये जीएसटीचे.

म्हणजे पहिल्या दिवसापासून सरळ २४९ रुपये दर लावणारी दुसरी एखादी कंपनी जाहिरातीत अडीचपट महाग दिसेल, पण सहा वर्षांचे तिचे बिल अगदी एवढेच येईल. १९९ रुपये कायम दर असेल तर ती स्वस्तच पडेल. म्हणून तुलना करताना पहिला दर बाजूला ठेवावा आणि सहा वर्षांची बेरीज करावी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचे काम आहे.

यात ‘मोफत डोमेन’ही धरावे. ते बहुधा पहिल्याच वर्षी मोफत असते. दुसऱ्या वर्षापासून डॉट कॉमसाठी हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. कंपनी डॉलरमध्ये बिल करत असेल तर बँकेचे परकीय चलनाचे शुल्कही त्यात येते. जीएसटी नोंदणी असेल तर खाते उघडतानाच आपला क्रमांक टाकावा, नंतर बिल बदलून घेणे त्रासाचे होते.

‘अमर्याद’ जागा खरेच अमर्याद असते?

नसते. कोणत्याही डिस्कला शेवट असतो. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या योजनेच्या अटींमध्ये ‘रास्त वापर’ असा शब्द सापडतो आणि त्याखाली खऱ्या मर्यादा दिलेल्या असतात. फाइलींची एकूण संख्या, प्रोसेसरचा हिस्सा, मेमरी आणि एकाच क्षणी किती विनंत्या हाताळल्या जातील, या चार आकड्यांवर वेबसाइट चालते की पडते हे ठरते.

बागायतदाराने व्हॉट्सअॅपवर दोन हजार जुन्या ग्राहकांना ‘बुकिंग सुरू’ असा निरोप पाठवला, तर पहिल्या दहा मिनिटांत तीन-चारशे जण एकदम पान उघडू शकतात. योजनेत एका वेळी वीसच विनंत्यांची परवानगी असेल, तर बाकीच्यांना पान दिसण्याऐवजी ५०३ किंवा ५०८ असा त्रुटीचा आकडा दिसतो. यातला ५०८ हा शेअर्ड होस्टिंगवर ठरवून दिलेली मर्यादा संपल्याचा इशारा असतो. सर्व्हर बिघडलेला नसतो, तुमचा वाटा संपलेला असतो.

अशा वेळी लगेच महागडी योजना घ्यायची घाई नको. आधी फोटो पाहावेत. मोबाइलमधून काढलेला चार एमबीचा फोटो तसाच टाकला, तर दहा फोटोंचे पान ४० एमबीचे होते. तेच फोटो आकार कमी करून वेबपी प्रकारात टाकले, तर पान दोन एमबीच्या आत बसू शकते. दुसरा उपाय कॅशिंगचा. पान प्रत्येक वेळी नव्याने तयार न करता एकदा केलेली प्रत सर्वांना दाखवली जाते. ही सोय योजनेत आहे का, हे विचारावे.

सर्व्हर मुंबईत असणे किती महत्त्वाचे?

ग्राहक महाराष्ट्रातले असतील तर बरेच. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा हे अंतर सरळ रेषेतही साडेबारा हजार किलोमीटरच्या पुढे आहे. नुसत्या जाण्या-येण्यालाच किमान १२५ मिलिसेकंद लागतात आणि समुद्राखालच्या केबलचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या वर जातात. एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात.

भारतात पर्याय कमी नाहीत. मायक्रोसॉफ्टचे पुणे केंद्र २०१५ मध्ये, अॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि गुगलचे मुंबई केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. अनेक होस्टिंग कंपन्या अशाच केंद्रांतून जागा घेऊन पुढे विकतात. मात्र कंपनीचे कार्यालय भारतात आहे म्हणजे सर्व्हरही भारतात, असे समजू नये. खरेदी करताना डेटा सेंटरचे ठिकाण निवडायचा पर्याय असतो, तो न पाहता पुढे गेल्यास भलतेच ठिकाण निवडले जाऊ शकते.

तुमचे वाचक किंवा ग्राहक आखातात, लंडनमध्ये किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळांत असतील, तर गणित बदलते. तेव्हा सीडीएन वापरावे. यात फोटो आणि पानांच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरवर ठेवल्या जातात आणि ज्याला जे जवळ असेल तिथून त्या मिळतात. क्लाउडफ्लेअरची मोफत योजना छोट्या वेबसाइटला पुरते.

९९.९ टक्के अपटाइमची हमी म्हणजे काय?

आकडा मोठा वाटतो, पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटे आणि वर्षभरात पावणेनऊ तास. ९९ टक्के हमी असेल तर महिन्याला सात तासांहून अधिक. पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती बहुधा यात धरत नाहीत.

हमी मोडली तर भरपाई म्हणून भाड्यातला काही हिस्सा परत मिळतो, तोही मागितल्यावर. महिन्याचे भाडेच ९९ रुपये असेल तर ती भरपाई चहा-वड्याएवढी. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी चाळीस पेट्यांचे बुकिंग बुडाले, तर ते नुकसान कोणी भरून देत नाही. त्यामुळे हमीच्या आकड्यापेक्षा बिघाड झाल्यावर किती वेळात माणूस बोलतो, हे जास्त महत्त्वाचे. याची परीक्षा पैसे भरण्याआधी घेता येते. रविवारी रात्री अकरा वाजता चॅटवर एक नेमका तांत्रिक प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, ‘पीएचपीची कोणती आवृत्ती मिळेल आणि ती मला बदलता येईल का?’ पीएचपी ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. उत्तरात तीच आवृत्ती आली, किंवा नुसती सवलतीची लिंक आली, तर पुढे जाऊ नये.

बॅकअप कंपनी घेते, मग आपण कशाला?

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातील मोठ्या होस्टिंग कंपनीच्या केंद्राला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भागही गेला. जीवितहानी झाली नाही, पण असंख्य वेबसाइट बंद पडल्या आणि अनेकांचा डेटा कायमचा गेला. एका ग्राहक कंपनीने वेगळे पैसे देऊन बॅकअपची सेवा घेतली होती. त्या प्रतीही त्याच इमारतीत ठेवलेल्या होत्या. २०२३ च्या जानेवारीत फ्रेंच न्यायालयाने तिला एक लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यासाठी जवळपास दोन वर्षे गेली.

यातून धडा साधा आहे. कंपनीचा बॅकअप असावाच, पण तुमची एक प्रत त्या कंपनीच्या बाहेर असली पाहिजे. आठवड्यातून एकदा फाइली आणि डेटाबेस दोन्ही गुगल ड्राइव्हवर किंवा घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत. वर्डप्रेससाठी हे आपोआप करणारी मोफत प्लगइन आहेत. फक्त फाइली घेतल्या तर फोटो वाचतात, ऑर्डर आणि मजकूर डेटाबेसबरोबर जातो.

कंपनीला तीन प्रश्न विचारावेत : बॅकअप किती दिवसांनी घेतला जातो, किती दिवस ठेवला जातो आणि तो परत बसवायचे वेगळे पैसे लागतात का? काही स्वस्त योजनांत बॅकअप ‘घेतला जातो’ मोफत आणि ‘परत दिला जातो’ पैसे घेऊन. शिवाय वर्षातून एकदा तो बॅकअप खरोखर उघडतो का, हे तपासावे.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

सगळ्यात महाग चूक इथे होते. डिझायनर किंवा एजन्सी ‘सगळे आम्ही बघतो’ म्हणते आणि डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवते. हेतू वाईट असेलच असे नाही, ते सोयीचे असते. पण पुढे वाद झाला, तो माणूस परगावी गेला किंवा व्यवसाय बंद केला, की दुकानाचे नाव त्याच्याकडे अडकते. जागा नवीन घेता येते, सामान बॅकअपमधून आणता येते. दहा वर्षे ग्राहकांच्या तोंडी बसलेले नाव मात्र पुन्हा मिळत नाही.

म्हणून डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या कार्डाने घ्यावे. डिझायनरला कामापुरता प्रवेश द्यावा. आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या खात्यात वळवून घ्यावे. कंपनी बदलायची असेल तर डोमेनचे कुलूप उघडून एक संकेतांक मिळतो, तो नव्या कंपनीला दिला की काम होते. मात्र नवी नोंदणी केल्यानंतर साधारणपणे ६० दिवस डोमेन हलवता येत नाही, हे हंगाम जवळ आला असताना ध्यानात ठेवावे.

आणखी एक बारीक गोष्ट. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ई-मेल देऊ नये. मुदत संपली की तो ई-मेलही बंद पडतो आणि मुदत संपल्याची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. साधा जीमेल द्यावा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी.

ऑटो-रिन्यूअल लावले की निर्धास्त?

भारतात तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून वारंवार होणाऱ्या आपोआप वजावटीसाठी ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती लागते आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. जून २०२२ पासून १५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय जाऊ शकते. त्याहून मोठ्या रकमेला दर वेळी ओटीपी हवा.

वरच्या नमुना हिशेबातले दुसऱ्या तीन वर्षांचे बिल १६,९५० रुपये होते. म्हणजे ते आपोआप भरलेच जाणार नाही. परदेशी कंपनीकडे नोंदवलेले कार्ड असेल तर लहान रक्कमही अडकू शकते. कार्डाची मुदत संपली असेल तर प्रश्नच नाही.

डॉट कॉमसारख्या डोमेनबाबत कंपनीने मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण देणे बंधनकारक आहे. मुदत उलटल्यावर काही काळ नेहमीच्या दराने नूतनीकरण करू दिले जाते. डोमेन रद्द झाल्यावर मिळणाऱ्या ३० दिवसांच्या अखेरच्या मुदतीत ते सोडवायला मोठा दंड पडतो, त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. त्यामुळे डोमेनची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची लावून ठेवावी आणि जमल्यास तीन-चार वर्षांचे एकदम भरावे. होस्टिंगचे मात्र उलट : कंपनी नवीन असेल तर सवलत थोडी कमी मिळाली तरी पहिल्यांदा एकाच वर्षाचे घ्यावे.

‘टॉप टेन’ याद्यांवर किती भरवसा ठेवावा?

बेताचाच. होस्टिंग कंपन्या ग्राहक आणून देणाऱ्याला प्रत्येक विक्रीमागे कमिशन देतात. त्यामुळे इंटरनेटवरच्या अनेक शिफारशींमागे ते कमिशन असते. लिंकमध्ये लांबलचक सांकेतिक शेपूट दिसले तर ओळखावे.

शिवाय वेगळी नावे म्हणजे वेगळ्या कंपन्या, असेही नाही. मुंबईच्या डायरेक्टी समूहाने २०१४ मध्ये बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स समूहाला विकले. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटरही याच समूहाचे. २०२१ मध्ये या व्यवसायातून न्यूफोल्ड डिजिटल ही कंपनी तयार झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला, तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट या चारही नावांच्या ग्राहकांच्या वेबसाइट एकाच वेळी बंद पडल्या. एका नावाला कंटाळून दुसरे नाव घेताना मालक तोच तर नाही, हे पाहावे.

चांगली पारख म्हणजे, तुमच्यासारखाच व्यवसाय असलेल्या आणि त्या कंपनीकडे निदान एकदा नूतनीकरण केलेल्या माणसाला विचारणे. पहिल्या वर्षी सगळेच समाधानी असतात.

पैसे भरण्याच्या पानावर काय पाहावे?

कार्टमध्ये काय आहे ते एकेक ओळ वाचावी. ‘सुरक्षा संच’, ‘प्रीमियम ई-मेल’, ‘प्राधान्य मदत’ अशा गोष्टी आधीच खूण करून टाकलेल्या असू शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यातील १३ प्रकारांमध्ये ग्राहकाच्या नकळत कार्टमध्ये वस्तू टाकणे, खोटी घाई दाखवणे, शुल्क टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि वर्गणी रद्द करणे अवघड करून ठेवणे यांचा समावेश आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे देण्याचे कारण सहसा नसते. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एसएसएल नसलेल्या वेबसाइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो, त्यामुळे ते हवेच. पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ते मोफत देते आणि चांगल्या कंपन्या ते आपोआप बसवतात.

पैसे परत मिळण्याची मुदत ३० दिवसांची असली तरी डोमेनचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. त्यामुळे पहिल्या महिन्यातच वेबसाइट पूर्ण बसवून, सात-आठ नातेवाइकांना एकदम उघडायला सांगून गती पाहून घ्यावी.

ग्राहकांची माहिती फुटली तर जबाबदार कोण?

ऑर्डर घेणाऱ्या वेबसाइटवर लोकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक साठतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ही माहिती गोळा करणारा व्यावसायिक तिच्या सुरक्षेला जबाबदार आहे, माहिती प्रत्यक्षात होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. छोट्या व्यावसायिकासाठी याचा अर्थ इतकाच, की गरजेपेक्षा जास्त माहिती मागू नये, जुनी माहिती काढून टाकावी आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे.

मग निवड कशी करावी?

क्रम असा ठेवावा. आधी डोमेन, स्वतःच्या खात्यात, शक्यतो होस्टिंग कंपनीहून वेगळ्या ठिकाणी. मग दोन-तीन होस्टिंग कंपन्यांची सहा वर्षांची बेरीज. मग डेटा सेंटरचे ठिकाण, एका वेळच्या विनंत्यांची मर्यादा, बॅकअपच्या अटी आणि रात्री अकराची परीक्षा. यात उत्तीर्ण होणारी सर्वांत स्वस्त योजना घ्यावी, वर्षभरासाठी.

खरेदीच्या दिवशीच एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : डोमेनचे खाते कुठे आहे, होस्टिंगचे खाते कुठे आहे आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे. ही वही घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवावी. या तीन गोष्टी हाताशी असतील, तर कंपनीने दर चौपट केला, सेवा बिघडली किंवा डिझायनरचा फोन लागला नाही, तरी जाणकाराला गाठून दोन दिवसांत दुसरीकडे हलता येते. देवगडच्या त्या बागायतदारालाही हंगामाच्या तोंडावर तेवढेच हवे होते.